कान कोण पिळणार

।। श्री वज्रेश्वरी प्रसन्न ।।

सुरत, ता. १९ सप्टेंबर १९७६

चि. मैना हीस,

विठूदादाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. मी इकडे धडधाकट आहे. तुम्हीही असाल असं धरून लिहायला बसलो.

इथल्या कापडाच्या कारखान्यात माणसं कमी आहेत, म्हणून माझ्या गळ्यात जास्तीचे लूम घातलेत. हातपाय थांबत नाहीत. बरोबरची पोरं मला हसतात. सगळी दुनिया लूम चालवायला भिवंडीला जाते आणि हा भिवंडीचा गडी सुरतेला आला, म्हणजे काहीतरी भानगड करून पळालाय, असं म्हणतात. मी सांगतो, भानगड माझ्या बापाने केली. मग जास्तच हसतात.

सुट्टीच्या दिवशी राघोबरोबर पिक्चरला गेलो. राघो माझ्या खोलीतला, धुळ्याकडचा. फॅमिली पिक्चर होतं. एका माणसाची बायको मरते, तो दुसरी करतो आणि ती आपलं पोर बरोबर घेऊन येते. अगदी आपल्यासारखं. तिच्या कमरेला चाव्यांचा जुडगा, चालली की घरभर खुळखुळ. पोर गोबरं, केसांचा कोंबडा काढलेलं. ते दुधाचा ग्लास फेकून देतं, नोकराच्या पाठीवर बसून घोडा घोडा करतं, आणि पहिल्या बायकोचा मुलगा फरशी पुसता पुसता गाणं म्हणतो. सगळं थेटर रडलं. राघो तर हुंदके देऊन रडला, आणि त्याची सख्खी आई गावाला जिवंत आहे. मी रडलो नाही. दात खाऊन बसलो. त्या गोबऱ्या पोराच्या जागी मला नवशाच दिसत होता.

तर आता खरं काय ते लिही. नवशा माझ्या जागेवर झोपतो का, खिडकीखाली? बाबा कापडाच्या गठाणी घेऊन ट्रान्सपोर्टला निघतो तेव्हा बैलगाडीवर पुढे, बाबाच्या शेजारी कोण बसतं? माझा निळा सदरा खुंटीवर होता, तो आहे का गेला? पाखऱ्या बैल त्या पोराच्या हातचं खातो का? आणि धोंडूबाईच्या कमरेला काय लटकतं तेही बघ.

दिवाळीला मी येणार नाही. आय जाऊन वर्ष झालं नाही तोच बाबाने धोंडूबाईशी पाट लावला, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता मी आलो काय, न आलो काय.

बाबाला नमस्कार. बाकीच्यांना काही नाही. ह्या लांबच्या भावावरची माया कमी करू नकोस आणि ती दुसऱ्या कुणाला वाटूही नकोस.

तुझा
विठूदादा

*

भिवंडी, ता. ३ ऑक्टोबर १९७६

ती. दादास,

मैनाचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. बाबाला वाचून दाखवताना मधल्या ओळी गिळून टाकल्या. एवढा मोठा कागद आणि एवढंसंच लिहिलंय का, असं बाबा विचारत होता. अक्षर मोठं काढतो म्हटलं.

दादा, तुझं पिक्चर फार छान. पण आपल्या घरात कुलूप एकच आणि त्याची चावी तूच खाडीत पाडलीस. धोंडूबाईच्या कमरेला लटकतो तो सुपारीचा बटवा. दुधाचा ग्लास फेकायचा तर आधी दूध पाहिजे, मग ग्लास. नोकराचं तर बोलूच नको.

तुझ्या जागेवर नवशा झोपत नाही. दाराशी झोपतो, चपलांजवळ. आम्ही ओढून आत आणला तर बरं म्हणतो, आणि सकाळी बघावं तर परत दाराशी. गाडीवर बाबाच्या शेजारी तो बसतो, हे खरं. तुझा सदरा धोंडूबाईने डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवला होता. तो काढून, आखूड करून नवशाला मी दिला. त्याच्याकडे एकच धड सदरा होता. चिडायचं तर माझ्यावर चिड. पाखऱ्याही त्याच्या हातचं खातो. पण पाखऱ्या कुणाच्याही हातचं खातो, तुला ठाऊक आहे.

मला त्या पोराचं वेगळंच वाटतं. तो कशालाच नाही म्हणत नाही. पहिली भाकरी संपली की टोपलीकडे बघतो आणि उठून हात धुतो. कोंबडी वाटेत आली तर तिलासुद्धा बाजू देतो. अकलोलीला त्याचा बाप वारल्यावर मायलेक दिराच्या घरी राहिले, तिथे काय शिकले असतील ते शिकले. हट्टी पोर आपल्या घरात एकच झालं. कालवणात बोंबील नाहीत म्हणून ताट अंगणात भिरकावणारं. त्याला आता सुरतेत कोण जेवू घालतं, देव जाणे.

तुझं जळणं मला कळत नाही असं नाही. पहिले काही महिने मीही जळले. धोंडूबाईची भाकरी आयच्या भाकरीपेक्षा पातळ आणि गोल होते. ती मी उलटून पालटून बघायचे. करपली असती तर बरं वाटलं असतं.

भाऊबीजेला ये. कोन गावाहून मला स्थळ सांगून आलंय, तू असलास तर बरं. आल्याशिवाय राहू नकोस. लोभ आहे तो असाच ताजा ठेव.

तुझी
मैना

*

सुरत, ता. १७ ऑक्टोबर १९७६

चि. मैना हीस,

आशीर्वाद. वि. वि. छुट्टी मिळत नाही. खरं म्हणजे मी मागितली नाही.

सदऱ्याचं वाचलं. मी काही म्हणत नाही. सदरा जुना होता. पण तो खांद्यावर उसवलेला होता, आणि तसा मला आवडायचा, एवढं सांगून ठेवतो.

तू लिहितेस की पोर गरीब आहे. राघोला वाचून दाखवलं, तर तो म्हणतो, हेच खरं धोक्याचं. पिक्चरात गोबरं पोर निदान उघड उघड ग्लास फेकतं. हे न फेकताच सगळं घेऊन बसलंय. गाडी, सदरा, बैल.

भाऊबीजेला एक कर. ज्या बायकांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात, तशी तू चंद्राला ओवाळ. माझ्या वाटचं त्याला मिळू दे. पण त्या पोराला ओवाळू नकोस. एवढं एक ऐक.

माया आहेच. ती दिसत नसली तरी आहे असं समज.

तुझा
विठूदादा

*

भिवंडी, ता. ३० ऑक्टोबर १९७६

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

तुझ्या सांगण्यावरून ताट घेऊन अंगणात गेले. बीजेचा चंद्र तो, नखाएवढा. तांदळाच्या गिरणीच्या धुराड्यामागे लपायच्या बेतात होता. त्याला घाईघाईने ओवाळलं आणि वळले, तर दारात नवशा उभा. केस पाण्याने चापून बसवलेले, अंगात निळा सदरा, हात पाठीमागे. ये म्हटलं असतं तर आला असता, जा म्हटलं असतं तर गेला असता. माझ्या हातात ताट, ताटात निरांजन पेटलेलं. दादा, तूच सांग, मी काय करणार होते? पाट मांडला.

त्याने ताटात दोन गोट्या टाकल्या. एक त्याची. दुसरी कुणाची, म्हणून बाबाने विचारलं, तर म्हणाला की दादाची.

आता दुसरी बातमी. कोनचं जमलं. अनंता नाव आहे. कल्याण रोडच्या गॅरेजात कामाला जातो, सायकलने येतो, बोलतो कमी. लग्न ६ फेब्रुवारीला आपल्या दारात धरलंय. बघायला त्यांची आत्या आली होती, तिने पहिला प्रश्न काय विचारला असेल? आमच्या पोराचा कान पिळणारा भाऊ कुठे आहे, आम्ही उपरणं कुणाच्या मापाने घ्यायचं? होमापाशी नवऱ्याचा कान पिळून बहिणीला नीट नांदव म्हणायचं, ते तुझं काम. बाबाने सांगितलं की मोठा सुरतेला आहे, येईल, आणि न्हाय आला तर धाकटा हाय.

धाकटा हा शब्द बाबाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. तुला लिहू नये असं वाटलं होतं, तरी लिहिलं. राग आला तरी पत्र पाठव. रागाचंही चालेल.

तुझी
मैना

*

सुरत, ता. १४ नोव्हेंबर १९७६

मैना,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी बोलून घेतो.

माझ्या नावाची गोटी त्याने कशाला टाकली? मी मेलो काय? माझी ओवाळणी घालायला मी समर्थ हाय. आणि बाबाला धाकटा कुठून आठवला? मी दोन वर्षांचा असताना आपला एक भाऊ जन्मताच गेला, त्याच्यानंतर आपल्या घरात धाकटी म्हणजे तू. दुसरं कुणी न्हाय.

काल राघोने जबरदस्तीने दुसऱ्या पिक्चरला नेलं. म्हणाला की तुझं डोकं शांत होईल. ह्यातली सावत्र आई देवी होती. स्वतःच्या पोराला उपाशी ठेवून नवऱ्याच्या पोराला खीर भरवते. आणि ते पोर खीर तिच्या तोंडावर थुंकतं, कारण आता लाडावलेलं पोर हे. मग ते जिन्यावरून पडतं, ती त्याला रक्त देते, ते पोर शुद्धीवर येऊन आई म्हणतं. मी मध्येच उठून बाहेर आलो. एकात राक्षसीण, एकात देवी. पातळ गोल भाकरी करणारी कुठल्याच पिक्चरात नाही. हे मी राघोला म्हणालो, तर तो म्हणाला की भाकरीवर पिक्चर कोण काढणार.

कान मी पिळणार. बाबाला स्पष्ट वाचून दाखव, ओळ गिळू नको. त्या पोराने अनंताच्या कानाला बोट जरी लावलं तरी मी त्या घराचा उंबरा पुन्हा बघणार न्हाय.

तुला आशीर्वाद आहेतच. लग्न ठरलं त्याचा आनंद झाला. तो वेगळा आणि हा राग वेगळा.

विठूदादा

*

भिवंडी, ता. ५ डिसेंबर १९७६

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. ओळ गिळू नको म्हणालास, म्हणून नाही गिळली. बाबाला वाचून दाखवत होते आणि बय चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं.

तिने भाकरी थापायची थांबवली नाही. पाठमोरीच म्हणाली की विठूचं बरोबर हाय. मैनेच्या आयच्या पोटचा तो, तो मान त्याचा. तो आला तर त्याने पिळावा, न्हाय आला तर कान तसाच राहू द्यावा, माझा पोर पुढं जाणार न्हाय. बाबा काहीतरी बोलायला गेला तर तिने भाकरी तव्यावर आपटली. मग नवशाला जवळ बोलावून समजावलं. तो बरं म्हणाला. त्याचं ठरलेलंच आहे.

पण काल संध्याकाळी गोठ्यात गेले तर हे पोर पाखऱ्याचा कान धरून उभं. हळूच पिळतो आणि कानात सांगतो की आमच्या ताईला नीट नांदव. पाखऱ्या मान हलवून हो म्हणतो. मला बघितल्यावर त्याने हात असा मागे घेतला, जणू काही चोरलं होतं.

दादा, मला आता भीती वाटते ती एवढीच. कोनची माणसं मांडवात असतील. माझ्या लग्नात सख्खं आणि सावत्र झालं तर ते मला तिथे जन्मभर ऐकावं लागेल. मानासाठी येणार असशील तर ये, मी वाट बघतेय. भांडायला येणार असशील तर येऊ नकोस. मी चंद्राला ओवाळलं तसं न पिळलेल्या कानावरही निभावून नेईन.

हे लिहिताना मला किती जड गेलं ते तुला कळेल अशी आशा आहे. लोभ तुटू देऊ नकोस.

तुझी
मैना

*

सुरत, ता. १६ जानेवारी १९७७

चि. मैना हीस,

आशीर्वाद. वि. वि. छुट्टी मागितली, मिळाली. लग्नाच्या आदल्या दिवशी पोचतो. भांडायला येत नाही. तुझ्यासाठी जरीची साडी घेतली आहे, ती इथल्या बायका पसंत करतात म्हणून घेतली, मला त्यातलं कळत नाही.

एक विचारायचं राहिलं. धोंडूबाईला तू बय, म्हणजे आईच, कधीपासून म्हणायला लागलीस? मला कळवायचं राहिलं वाटतं.

बाकी तोंडावर बोलू.

विठूदादा

*

।। श्री वज्रेश्वरी प्रसन्न ।।

सुरत, ता. २० फेब्रुवारी १९७७

चि. सौ. मैना हीस, मु. कोन,

विठूदादाचे अनेक आशीर्वाद, आता जोडीने घे. वि. वि. सौ. लिहिताना हात थबकला, सवय होईल. श्री. अनंतरावांना नमस्कार. त्यांचा कान कसा आहे ते कळव.

तू मान खाली घालून बसली होतीस, डोक्यावर पदर, समोर धूर. त्यामुळे तुला काय दिसलं आणि काय नाही, मला माहीत नाही. म्हणून सगळं लिहितो.

आदल्या दिवशी मी आलो तो कंबर कसूनच आलो होतो. घरात पाय ठेवला तर नवशा खिडकीखाली माझी गोधडी अंथरत होता. मला बघून बाजूला झाला. निळा सदरा धुऊन घडी करून माझ्या पिशवीवर आणून ठेवला. गाडी जुंपली तर टुणकन उडी मारून मागे जाऊन बसला, पुढची जागा मला मोकळी. मी सुरतेपासून जे जे मागत आलो ते सगळं त्याने न मागता हातात दिलं. मला काय झालं कुणास ठाऊक, माझा राग वाढला. भांडायला कुणीतरी समोर उभं राहायला पाहिजे ना. कापसावर बुक्की मारल्यासारखं झालं.

त्या रात्री मला पिक्चरवाल्यांचाच राग आला. सावत्र पोर ग्लास फेकतं म्हणे. ग्लास फेकायला घर आपलं वाटावं लागतं.

मग दुसरा दिवस. होमापाशी भटजींनी विचारलं की नवरीचा भाऊ कोण, पुढे या. मी उठलो. आणि पलीकडून नवशा उठला. त्याला उठायचं नव्हतं, मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, पाय आपोआप उठले. मी त्याला खांद्याला धरून मागे सारलं. झालं. पोर जमिनीवर आडवं. टाचा घासून घासून मांडवातली माती उडवली, मीच पिळणार, मीच पिळणार म्हणून असा टाहो फोडला की वाजंत्रीवाले थांबले. मी उचलायला गेलो तर माझ्या डाव्या हाताला कडकडून चावला. तू त्या वेळी मान थोडी वर केलीस, ते मी पाहिलं.

धोंडूबाई धावत आली. त्याला मारायला हात उगारला. पण बघत होती माझ्याकडे. मैना, तिची ती नजर मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. आता बोचकं उचलायचं का, आणि ते कुठे ठेवलंय, असं बघणारी नजर. त्या बाईला मी सहा महिने चाव्यांचा जुडगा लावून हिंडवत होतो.

मी म्हणालो, पोर आहे, हट्ट करणारच, मारायचं कशाला. एवढंच म्हणालो. तिला हाक काय मारायची ते सुचेना, म्हणून हाक न मारताच बोललो. तिचा हात खाली आला.

पिक्चर असतं तर मी इथे मोठेपणा करून पोराला पुढे केलं असतं, आणि थेटर रडलं असतं. मी नाही केलं. कान मीच पिळला. तो माझा होता. आणि चांगला पिळला, अनंतरावांना विचार. उपरणंही माझ्याच खांद्यावर.

नंतर पंगती उठल्या तरी नवशा गाडीखाली बसून होता. आधी त्याची आई पान घेऊन गेली, मग बाबा गेला. तो जेवला नाही. बाबा परत येताना हसत होता. म्हणाला की इतक्या दिवसांत हे पोर ह्या घरात कुणावर वराडलं न्हाय, पहिला तू. मला ते ऐकून वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

मी निघायच्या दिवशी बाबा एस.टी. स्टँडवर सोडायला आला. गाडीपाशी गेलो तर पुढे नवशा बसलेला. मी थांबलो, तो आता उतरेल म्हणून. तो उतरला नाही. पाखऱ्याच्या शिंगांकडे बघत बसला. मग मीच मागे गठाणींवर चढलो. सगळ्या रस्त्यात त्याने मान वळवली नाही. बाबाचे खांदे मात्र हसण्याने हलत होते.

हातावरचे दात अजून दिसतात. राघोला म्हणालो की कुत्रा चावला. मग पुन्हा सांगितलं की नाही, भाऊ चावला.

सासरी जपून राहा. दुरून का होईना, हा भाऊ आहे असं धर.

तुझा
विठूदादा

*

कोन, ता. १३ मार्च १९७७

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. ह्यांचाही नमस्कार. कान बरा आहे. चार दिवस लाल होता, गॅरेजात सगळ्यांनी चेष्टा केली.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि कुणाला दाखवलं नाही. मला मांडवात फार लाज वाटेल असं वाटलं होतं. उलट झालं. त्या आत्याबाई म्हणाल्या की धाकटा भाऊ फार लाडावलेला दिसतो, मेहुण्यासाठी एवढा हट्ट. त्यांना काही शंकाच आली नाही.

नवशाची खबर म्हणजे तो आता शाळेत जायला रडतो. बय चिडते, आणि लाडावलाय मेला, असं शेजारणींना बोलावून बोलावून सांगते. सुट्टीच्या दिवशी बाबाबरोबर इकडे येतो. ह्यांची आणि त्याची गट्टी जमली आहे. हे त्याला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून खाडीपर्यंत नेतात, आणि ते पोर जे बोलत सुटतं, विचारू नकोस. हे स्वतः बोलायचे नाहीत, आता त्याच्यामुळे बोलतात. तुझ्याबद्दल मात्र तोंड उघडत नाही. मी नाव काढलं की उठून बाहेर जातो. एकदाच विचारलं, ते पण भांडी विसळताना, माझ्याकडे न बघता. हात सुजला होता का?

काय सांगू त्याला? पत्राची वाट बघते. लोभ तर आता दोन घरांतून आहे.

तुझी
मैना

*

सुरत, ता. २७ मार्च १९७७

चि. सौ. मैना हीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र वाचून अंगाची लाही झाली.

कान मी पिळला, चावा मी खाल्ला, आणि बडबड कुणाला, तर अनंतरावांना! सायकलवर बसवून! त्यांनी काय केलं? कान पुढे केला, एवढंच. रुसायचं तर माणसाने नीट रुसावं, घुम्यासारखं सगळ्यांशीच गप्प राहावं. हे काय, इकडे तोंड फिरवायचं आणि तिकडे दांडीवर बसून गप्पा हाणायच्या. राघोला सांगितलं तर तो हसून लोळला. त्याला काही कळत नाही.

त्याला सांग, हात सुजला होता. चांगला सुजला होता. थोडं वाढवून सांग.

आणि अनंतरावांना माझा नमस्कार सांगून हे कळव की ते जावई आहेत, मानाचे आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण भाऊ मी आहे. दांडीवर फिरवायचं तेवढं फिरवा. सायकल चालवायला मात्र त्याला शिकवायची नाही. अक्षयतृतीयेला मी येतोय, ती मी शिकवणार. माझ्याकडे सायकल नाही, ते माझं मी बघतो.

बाबाला आणि बयला नमस्कार. ज्याला सांगायचं त्याला लवकर सांग, उशीर झाला तर तो शिकून बसेल.

तुझा
विठूदादा